नाकाचे वावडे आणि चुकीच्या जागी बसलेली भीती

नाक वाहते म्हणून कोणी मरत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. म्हणणाऱ्याचे नाक बहुधा कोरडे असते. सुगी आली की ज्याला पहाटे उठल्याबरोबर वीस-पंचवीस शिंका येतात, डोळे चुरचुरतात, टाळूला आतून खाज सुटते आणि दुपारपर्यंत दोन्ही नाकपुड्या चोंदून तोंडाने श्वास घ्यावा लागतो, त्याला विचारावे. रात्री झोप नाही, दिवसा अंगात काम नाही, जेवणाला वास नाही की चव नाही. असा माणूस मरत नाही हे खरे, पण महिना-दोन महिने तो धड जगतही नाही. आणि हे नेमके त्या दिवसांत, जेव्हा भात कापणीला आलेले असते, ऊस कारखान्याला जायचा असतो आणि घरातला एकही हात रिकामा ठेवून चालत नाही.

डॉक्टर याला ॲलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात. आपल्या जुन्या भाषेत नाकाचे वावडे. आमचे स्पष्ट मत असे आहे की या दुखण्यावर आज चांगले, सुरक्षित आणि बहुतेकांना झेपतील असे उपचार उपलब्ध आहेत. परंतु आपल्या शेतकरी कुटुंबांत जी भीती बाळगली जाते ती भलत्याच औषधाविषयी बाळगली जाते. जे खरोखर घाबरण्यासारखे आहे ते आपण डोळे मिटून घेतो, आणि जे नाही त्याच्या नावाने दचकतो. या लेखाचा सारा खटाटोप ती भीती उचलून योग्य जागी ठेवण्यासाठी आहे.

प्रथम एका बोलण्याचा समाचार घेऊ. "शेतकऱ्याला कसली आली ॲलर्जी? ती शहरातल्या नाजूक माणसांची." यात अर्धे तथ्य आहे, आणि ते मोठे मजेदार आहे. 1999 पासून स्वित्झर्लंड, बव्हेरिया व ऑस्ट्रिया या भागांत ज्या पाहण्या झाल्या त्यांत असे आढळले की गाईगुरांच्या शेतावर वाढणाऱ्या मुलांना त्याच गावातील बिगरशेतकरी मुलांपेक्षा गवताच्या परागांचे वावडे पुष्कळ कमी असते. मूल तान्हे असताना, किंबहुना पोटात असताना, आई गोठ्यात वावरत असली तर हा लाभ अधिक. 2016 साली अमेरिकेतील आमिश व हटेराइट या दोन ख्रिस्ती शेतकरी समाजांतील मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. दोन्ही समाज मूळचे मध्य युरोपातले, दोघांचेही राहणे साधे. आमिश लोक घोड्यांनी शेती करतात आणि प्रत्येक घराचा गोठा घराजवळ. हटेराइटांची शेती मोठी, यंत्रांची, गोठे वस्तीपासून दूर. आमिश मुलांत दमा व वावडी फारच कमी निघाली. म्हणजे आपल्या आजीने नातवंड कडेवर घेऊन धार काढली, त्यात काही वाईट केले नाही. मात्र यावरून कोणी मुलांना कच्चे दूध पाजू लागू नये. कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि क्षय हे दोन्ही येतात. दूध उकळलेलेच द्यावे.

उरलेले अर्धे असे की ज्याच्या घराण्यातच वावड्याचा कल आहे, त्याला शेती वाचवत नाही, उलट शेतातली धूळ त्याला छळते. हे काही आजचे नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली निरनिराळ्या धंद्यांतील रोगांवर पुस्तक लिहिले, त्यात धान्य चाळणाऱ्या व मोजणाऱ्या माणसांच्या हालांचे वेगळे प्रकरण आहे. शिवाय आपल्याकडे गोठा घरापासून दूर गेला, स्लॅबची घरे आली, आणि बैलांची मळणी जाऊन मळणी यंत्राचा भपकारा आला. तेव्हा आमिशांचे पुण्य आता आपल्या वाट्याला किती उरले, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता नाकात घडते काय? 1819 साली लंडनचे डॉक्टर जॉन बॉस्टॉक यांनी स्वतःचेच दुखणे प्रथम नीट लिहून काढले. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी गवताचे पराग स्वतःच्या नाकात घालून पाहिले आणि 1873 साली दाखवून दिले की खरा चोर उन्हाळा नव्हे, पराग आहे. पुढे 1966-67 मध्ये इशिझाका या जपानी दांपत्याने आणि स्वीडनच्या संशोधकांनी रक्तातील ते द्रव्य शोधले, ज्याला आय-जी-ई म्हणतात. आपले शरीर निरुपद्रवी परागाला किंवा धुळीला शत्रू समजून हे द्रव्य बनवते. ते नाकातील विशिष्ट पेशींवर जाऊन बसते. पुढच्या वेळी तोच पराग आला की त्या पेशी फुटल्यागत होतात आणि हिस्टॅमिन व इतर रसायने बाहेर टाकतात. शिंका, खाज व पाणी हे मुख्यतः हिस्टॅमिनचे काम. पण काही तासांनी नाकाच्या अस्तराला जी सूज येते, ज्यामुळे नाक चोंदते, ती वेगळी गोष्ट. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण कोणते औषध कशावर चालते ते यावरच ठरते.

आपल्या बेळगाव, खानापूर, चंदगडच्या टापूत कारणे तशी ठरलेली आहेत. पावसाळा सरता सरता गवताला तुरे येतात तेव्हा पराग. भिजलेल्या पेंढ्याच्या गंजीत बुरशी. रस्त्याकडेचे गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस म्हणतो. आणि बारमाही त्रासाला बहुतेकदा अंथरुणातली अतिसूक्ष्म कीड. जाड वाकळ, जुनी गादी, कापसाची उशी ही तिची घरे. चुलीचा धूर, निपाणीकडील तंबाखूची धूळ आणि उग्र वास हे मूळ कारण नसले तरी सुजलेल्या नाकाला आणखी डिवचतात. चर्चमधल्या धुपाचेही तसेच. धूप ही काही ॲलर्जी नव्हे, पण पहिल्या बाकावर बसलेल्या आजोबांना शिंकांची माळ लागते ती खरी असते. धुपाटणे हलवणाऱ्या मुलांनी अंमळ बेताने घेतले तर मिस्सेचे काही उणे होणार नाही, असे आम्हांस वाटते.

आता औषधांकडे वळू, आणि ज्याला लोक सर्वांत जास्त घाबरतात त्यापासूनच सुरुवात करू. तो म्हणजे नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड या नावांचा. डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिला तरी घरी येईपर्यंत त्याच्याविषयी दहा शंका उभ्या राहतात. स्टेरॉइड आहे, सवय लागते, एकदा धरला की सुटत नाही. परिणामी बाटली आणली जाते, चार दिवस मारली जाते, फरक नाही म्हणून कोनाड्यात जाते. वास्तविक ज्यांचा त्रास रोजचा किंवा जोराचा आहे त्यांच्यासाठी हेच पहिल्या क्रमांकाचे औषध आहे, असे जगभरच्या तज्ज्ञांचे मत आहे. शिंका, खाज, पाणी आणि चोंदणे या चारही गोष्टींवर ते चालते, कारण ते सुजेच्या मुळाशी जाते. त्याची सवय लागत नाही. फवारा बंद केला तर फार तर जुना त्रास परत येतो. नवा काही जडत नाही.

राहिली स्टेरॉइडची धास्ती. हिशेब करून पाहू. फ्लुटिकासोनच्या एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम औषध असते. मोठ्या माणसाने दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन फवारे मारले तर दिवसाचे 200 मायक्रोग्रॅम झाले. त्यातले रक्तात पोहोचते ते दोन टक्क्यांहून कमी. उलट सुगीच्या तोंडावर कमरेत जी "सर्दीची सुई" टोचून घेतली जाते, तिच्यात पुष्कळदा ट्रायमसिनोलोन नावाचे 40 मिलिग्रॅम स्टेरॉइड असते. म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम. वजनाने पाहता फवाऱ्याच्या 200 दिवसांचे औषध एका दमात, आणि तेही सगळेच्या सगळे अंगात. दोन औषधे वेगळी, तुलना ढोबळ. पण जो माणूस फवाऱ्याला स्टेरॉइड म्हणून नाकारतो आणि ही सुई आनंदाने घेतो, त्याने एवढा ढोबळ हिशेब तरी करावा.

सुई लागू पडते यात शंका नाही. दोन दिवसांत नाक मोकळे, महिनाभर आराम, म्हणूनच ती लोकप्रिय आहे. पण तिचे मोल नंतर द्यावे लागते. रक्तातील साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी मंदावते, टोचल्या जागी मांस खचून खड्डा पडतो. डेन्मार्कमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, नाकाच्या वावड्यासाठी अशा सुया घेणाऱ्यांत मधुमेह व हाडांचा ठिसूळपणा अधिक आढळला. आमच्या ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ सलग आठ-नऊ वर्षे दर सुगीला बाजारच्या गावी जाऊन सुई घेत. आता ते मधुमेहाच्या गोळ्यांवर आहेत. एकातून दुसरे झालेच असे छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. मधुमेह त्यांच्या घराण्यात होता. परंतु आग लागण्याचा संभव असलेल्या गंजीजवळ कोणी चिलीम ओढत बसत नाही. बिननावाच्या पुड्यांबद्दलही हेच. दम्यावर आणि सर्दीवर जी पांढरी किंवा तपकिरी पूड "एकदम" गुण देते, तिच्यात स्वस्त स्टेरॉइड मिसळल्याचे पुष्कळ ठिकाणी उघडकीस आलेले आहे. तेव्हा फार लवकर गुण आला तर फार आनंदून जाऊ नये.

ज्याची खरोखर सवय लागते असे नाकातले औषध वेगळेच आहे, आणि ते दुकानात मागताक्षणी मिळते. नाक मोकळे करणारे थेंब: झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन. हे घातले की पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा, त्यामुळे ते अमृत वाटते. पण तीन ते पाच दिवसांच्या पलीकडे ते चालू ठेवले की उतार संपल्यावर नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते. मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणे. खिशात विड्यांच्या बंडलाशेजारी ही बाटली बाळगणारे लोक आम्ही पाहतो. रक्तदाब असणाऱ्यांनी तर यापासून जपूनच असावे. गंमत अशी की "सवय लागते" ही या थेंबांची अपकीर्ती बिचाऱ्या फवाऱ्याच्या माथी बसली, आणि थेंब मात्र निर्दोष सुटले.

फवाऱ्याचा गुण का येत नाही याचे उत्तर बहुधा मारण्याच्या पद्धतीत असते. मान वर करून, नाकाच्या मधल्या पडद्यावर नेम धरून, वर जोराचा सुर्रका मारला तर औषध घशात जाते आणि पडदा सोलवटून रक्त येते. मान किंचित खाली वाकवावी. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डावीसाठी उजव्या हातात धरावी. म्हणजे तोंड आपोआप बाहेरच्या बाजूस, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याकडे वळते. हळू श्वास घ्यावा, सुर्रका नको. आणि मुख्य म्हणजे वाट पाहावी: पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. बाटलीत साधारण 120 फवारे असतात. पहिले काही दिवस चार, मग डॉक्टरच्या सल्ल्याने दोन, असे केले तर एक बाटली दीड-दोन महिने पुरते, म्हणजे एक सुगी निभावते. मुलांना कमीत कमी मात्रेत द्यावा आणि दीर्घकाळ चालू असेल तर उंचीची नोंद ठेवावी. गरोदर बाईला लागलाच तर डॉक्टर बहुधा बुडेसोनाइड निवडतात, कारण त्याचा अनुभव सर्वांत जास्त आहे.

गोळ्यांबाबत आम्ही जरा कडक बोलणार आहोत. हिस्टॅमिनला अडवणारे पहिले रसायन दानिएल बोव्हे यांनी 1937 साली पॅरिसमध्ये शोधले आणि पुढे 1957 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या जुन्या पिढीतल्या गोळ्या, क्लोरफेनिरामिन आणि फेनिरामिन (आपली ॲव्हिल), आजही दोन-चार रुपयांत मिळतात. त्या मेंदूत शिरतात आणि झोप आणतात. केवळ डुलकी येते एवढेच नव्हे. माणूस जागा आहे असे त्याला स्वतःला वाटत असतानाही हात-डोळ्यांचा मेळ मंदावतो. आता हा माणूस कोठे उभा आहे पाहा. मळणी यंत्राच्या तोंडाशी पेंढी सारतो आहे. कडबा कुट्टीच्या पात्यापुढे हात नेतो आहे. उसाची ट्रॉली जोडून रात्री ट्रॅक्टर हाकतो आहे. आमच्याच भागात एका तरुणाची दोन बोटे कुट्टी यंत्रात गेली. त्याने सकाळी शिंकांसाठी पिवळी गोळी घेतली होती, ही गोष्ट दवाखान्यात कोणी विचारली नाही आणि त्यानेही सांगितली नाही. ही गोळी घेऊन यंत्रावर जाऊ नये. संध्याकाळी "थोडी" घेण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी तर दोन्ही एकत्र मुळीच करू नये. म्हाताऱ्या पुरुषांत या जुन्या गोळ्यांनी लघवी अडते, काचबिंदू असलेल्यांचा डोळा दुखावतो.

नव्या पिढीच्या गोळ्यांत फेक्सोफेनाडिन व लोराटाडिन झोप जवळजवळ आणत नाहीत. सेटिरिझिन व लेव्होसेटिरिझिन काही जणांना आणतात, म्हणून रात्री घ्याव्यात. जनऔषधी केंद्रात त्या अगदी स्वस्त मिळतात. शिंका व खाजेवर या गोळ्या उत्तम, परंतु चोंदलेल्या नाकावर त्यांचा जोर तोकडा पडतो, हे वर सांगितलेल्या कारणाने. दुकानात हल्ली जी जोडगोळी सर्रास हातावर ठेवतात, तिच्यात लेव्होसेटिरिझिनबरोबर मोंटेलुकास्ट असते. या मोंटेलुकास्टबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च 2020 मध्ये कडक इशारा दिला: काही रुग्णांत भयंकर स्वप्ने, चिडचिड, उदासी आणि आत्महत्येचे विचारही आढळले, तेव्हा केवळ नाकाच्या वावड्यासाठी, इतर औषधे चालत असतील तर, ते देऊ नये. ज्या घरात कोणाचे मन आधीच खचलेले आहे तेथे ही गोळी डॉक्टरला न विचारता येता कामा नये. सर्दीच्या तयार गोळ्यांत नाक मोकळे करण्यासाठी फेनिलएफ्रिन घालतात. ते पोटातून घेतले तर नाकावर काही परिणामच करत नाही असा निष्कर्ष काढून त्याच प्रशासनाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते यादीतून काढण्याचा प्रस्ताव मांडला. निरुपयोगी वस्तूवर शेतकऱ्याने पैसे का घालावेत?

शाळकरी मुलांचा मुद्दा वेगळा काढण्याजोगा आहे. इंग्लंडमध्ये आपल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेला बसलेल्या 1834 मुलामुलींची पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. परीक्षेच्या दिवसांत नाकाचा त्रास असणारी मुले सराव परीक्षेपेक्षा एक श्रेणी खाली घसरण्याचा संभव इतरांहून 40 टक्के जास्त होता. झोप आणणारी गोळी घेणाऱ्या मुलांत तो 70 टक्के. मूल अभ्यासात मागे पडले की आपण त्याला आळशी म्हणतो. ते रात्रभर तोंड उघडे ठेवून झोपते का, नाक सतत तळहाताने वर घासते का, डोळ्यांखाली काळे आले आहे का, हे आईबापांनी आधी पाहावे.

"नाकाचे हाड वाढले आहे" हे वाक्य ऐकले नाही असे घर आपल्याकडे विरळा. पुष्कळदा ते हाड नसतेच. नाकातल्या बाजूच्या मांसल कड्या वावड्याने सुजलेल्या असतात. मधला पडदा खरोखर फार वाकडा असेल तर शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते, पण वावडे तेथेच राहते. कर्ज काढून शस्त्रक्रिया करण्यापूर्वी दोन-तीन महिने फवारा नीट मारून पाहिला होता का, हा प्रश्न रोग्याने स्वतःला आणि डॉक्टरलाही विचारावा.

तसाच हल्लीचा दुसरा खर्च म्हणजे रक्ताची भली मोठी ॲलर्जी तपासणी. शंभर-दीडशे पदार्थांची यादी येते, त्यांतल्या वीसांपुढे खूण असते, आणि घरात अंडी बंद, मासळी बंद, केळी बंद, दही बंद. नाकाच्या वावड्याला खाण्याचे पदार्थ क्वचितच कारण असतात, आणि तपासणीत खूण आली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असे नव्हे. वाढत्या पोराच्या ताटातले अंडे एका कागदावरून काढून घेणे हा आमच्या मते अन्याय आहे. तपासणी करायची तर रोग्याची हकीकत ऐकून, संशय असलेल्या मोजक्या गोष्टींची, कातडीवर टोचून करतात ती करावी. आणि तीही तिचा पुढे उपयोग होणार असेल तेव्हा.

तो उपयोग म्हणजे वावड्याची लस. 1911 साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क थोडा-थोडा वाढवत टोचण्याची पद्धत सुरू केली. आज ती सुयांनीही देतात आणि जिभेखाली थेंब किंवा गोळी ठेवूनही. बाकी सारी औषधे त्रास दाबतात. शरीराची खोड बदलणारा उपाय एवढाच. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील प्रयोगात तीन-चार वर्षे लस घेणाऱ्यांना ती थांबवल्यावरही तीन वर्षे आराम टिकला. पण तिला तीन वर्षांची चिकाटी लागते. प्रत्येक सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसावे लागते, कारण क्वचित अंगावर जोराची बाधा येते आणि तेव्हा ॲड्रेनॅलिन हाताशी लागते. ज्याचा दमा ताब्यात नाही त्याला ती देत नाहीत. शिवाय चांगल्या प्रतीचे अर्क सगळीकडे मिळत नाहीत. तेव्हा ज्याला एका ठरावीक गोष्टीचेच वावडे सिद्ध झाले आहे, फवाऱ्याने भागत नाही, आणि जो बेळगाव-हुबळीच्या मोठ्या रुग्णालयात नियमाने जाऊ शकतो, त्याने जरूर विचार करावा. नाक्यावरच्या कोणी "लस देतो" म्हटले तर दुरून नमस्कार.

घरगुती उपायांपैकी एकाला आम्ही पूर्ण गुण देतो: मिठाच्या पाण्याने नाक धुणे. मळणीहून आल्यावर अर्धा लिटर पाण्यात सपाट छोटा चमचा मीठ घालून प्रत्येक नाकपुडीतून सोडावे. साचलेली धूळ व पराग निघून जातात आणि औषधही कमी लागते. पण पाणी उकळून गार केलेलेच हवे. विहिरीचे, टाकीचे, नळाचे थेट नको. 2011 साली अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे मेंदूला अमिबाची बाधा होऊन दोघे दगावले. तुळस-आल्याचा काढा प्यावा, घशाला बरे वाटते, वावडे त्याने जात नाही. लहान मुलांना उकळत्या पाण्याची वाफ देऊ नये. भांडे उलटून भाजलेली मुले दवाखान्यात येतात. तान्ह्या मुलांच्या व म्हाताऱ्यांच्या नाकात तेल सोडू नये, ते फुप्फुसात उतरते.

आणि धूळच कमी करता आली तर? तोंडाला बांधलेला पंचा जाड कोंडा अडवतो, बारीक बुरशी नाही. मळणीच्या दिवसांत एन-95 मुखपट्टी वापरावी. चार-सहा पट्ट्यांत एक सुगी निघते. यंत्र वाऱ्याच्या दिशेने लावावे, भुसा आपल्यापासून दूर उडेल असे. पेंढा नीट वाळल्याशिवाय गंजी रचू नये. घरी आल्यावर कामाचे कपडे बाहेर काढावेत, डोके धुवावे. वाकळी व गाद्या कडक उन्हात टाकून झोडपाव्यात, उशांचे अभ्रे आठवड्याला कढत पाण्यात धुवावेत. गाजर गवत पावसाळ्यात जमीन ओली असतानाच, फुले येण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. एकट्याने आपला बांध साफ करून भागत नाही, वाडीने मिळून करावे लागते. 1983 साली मेक्सिकोहून बंगळूरला आणलेले त्याचे भुंगे आता आपल्याकडेही पावसाळ्यात दिसतात. पानांवर पांढरट अंगावर काळ्या नागमोडी रेघांचा भुंगा दिसला तर त्याला मारू नका, तो आपलाच गडी आहे.

काही खुणा मात्र वावड्याच्या नव्हेत, आणि तेथे फवारा मारत वेळ दवडू नये. एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी, एकाच बाजूचे चोंदणे, लहान मुलाच्या एका नाकपुडीतून घाण वास (बहुधा आत चिंचोका किंवा मणी अडकलेला असतो), वास येणे पूर्ण बंद होणे. बुरशीच्या गवतात काम केल्यावर चार-आठ तासांनी थंडी-ताप आणि दम लागला तर तो नाकाचा नव्हे, फुप्फुसाचा वेगळा आजार असतो. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासावी. आणि नाकाबरोबर छातीत शिटी वाजत असेल तर दम्याचा उपचार वेगळा घ्यावा. दमेकऱ्यांपैकी बहुतेकांचे नाकही बिघडलेले असते, आणि नाक सांभाळले की दमाही सांभाळायला सोपा जातो.

भाताची कापणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. फवाऱ्याला जोर धरायला दोन आठवडे लागतात. ज्यांना दर वर्षी सुगीत त्रास होतो त्यांनी नाक चोंदण्याची वाट न पाहता दसऱ्याच्या सुमारास सिस्टरांच्या दवाखान्यात किंवा आपल्या डॉक्टरकडे जाऊन फवारा सुरू करावा, मारायचा कसा ते तेथेच एकदा करून दाखवावे, आणि मळणी संपेपर्यंत तो कोनाड्यात जाऊ देऊ नये.